उजव्या पायाचा बूट

घंटा वाजली तेव्हा माझ्या ओठांत सात खिळे होते.
एकेक काढून ठोकायचे, साठ वर्षांची सवय.
सातही तसेच राहिले.
गल्लीत कुणाचं तरी शटर अर्ध्यावर थांबलं,
समोरची ओर्तेन्झिया फडकं हातात धरून म्हणाली,
"क्विरीनो, म्हातारा गेला रे."

मांडीवर त्याचाच बूट होता.
तपकिरी, बेचाळीस नंबर, टाच बाहेरून झिजलेली.
गुरुवारी एक नन वर्तमानपत्रात गुंडाळून देऊन गेली होती.
डावा झाला होता. उजव्याचा तळ काढून ठेवलेला.
शनिवारचा वायदा मीच केला होता.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक, म्हणतात.
मलाही ठाऊक असतं.
अठरा वर्षांपूर्वी, नुसता कार्डिनल होता तेव्हा,
या स्टुलावर बसून त्याने बूट काढला,
मोज्याला भोक, भोकातून अंगठा बाहेर,
आणि आम्ही दोघंही हसलो.
अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं.
त्याचं कलबूत मी तासलं ते त्या हाडासकट.

पलीकडे त्यांनी त्याची अंगठी फोडली,
खोलीच्या दाराला लाख लावून मोहर केली.
माझ्या दुकानाकडे कुणी फिरकलं नाही.
दर्शनाला ठेवला तेव्हा टीव्हीवर बघितलं:
पायात दुसराच जोड, तळ आमच्याकडे,
कोरे करकरीत,
एक पाऊलही न चाललेले.

मग नऊ दिवस गल्लीतून माणसं वाहत राहिली.
रांगेत अकरा-अकरा तास उभे राहिलेले पाय,
फोड आलेले, सुजलेले, पट्टा तुटलेले.
खोटं कशाला बोलू, धंदा चांगला झाला.

कार्डिनल यायला लागले. लोक टोप्या बघत होते,
मी खाली बघत होतो.
एकाचे बूट मापापेक्षा मोठे, मेलेल्या भावाचे असावेत.
एकाच्या टाचा दोन्हीकडे अगदी सारख्या झिजलेल्या.
"हा होणार नाही," मी म्हणालो.
"का, नोन्नो?" तुल्लिओने विचारलं.
मी पॉलिशची डबी शोधत राहिलो,
कारण मला माहीत नव्हतं.

आत बॅसिलिकेत पेत्राचा पुतळा आहे, ब्राँझचा.
ओठ लावून लावून, हात फिरवून फिरवून
त्याच्या उजव्या पायाची बोटं विरघळून गेलीत.
त्याचं माप घेता येत नाही.
तो दर वर्षी जरा लहान होतो.

दोन दिवस काळा धूर.
तिसऱ्या संध्याकाळी स्टुलावर एक नर्स बसली होती,
तिचा सँडल माझ्या सुईखाली,
मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.
मान वर केली तर स्टूल रिकामं.
दारातून दिसली: एका पायात सँडल, दुसरा उघडा,
दगडी रस्त्यावरून लंगडत पळत होती
आणि सगळी गल्ली तिच्या मागे.

मी गेलो नाही. गुडघे.
तासाभराने टीव्हीवर तो आला, पांढऱ्या झग्यात,
हात वर, डोळे ओले,
ओर्तेन्झिया रडायलाच लागली.
कठड्यामुळे पाय दिसत नव्हते.
पण डावा खांदा जरा वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर,
आशीर्वाद संपेपर्यंत.
तयार ठेवलेल्या जोडांतला कुठला तरी दिला असणार,
आणि तो त्याला करंगळीला चावत होता.
चौकात एवढी माणसं. कुणालाच कळलं नाही.

नर्स सकाळी आली. तळपाय काळा, एक नख फुटलेलं,
चेहरा रात्रभर गाणाऱ्यासारखा.
"किती झाले?"
मी पट्टा ओढून बघितला. "राहू दे."

ती गेल्यावर फळीवरचं कलबूत उचललं,
हाडावरून अंगठा फिरवला, परत ठेवलं.
शेजारी बीचचा एक ठोकळा आहे,
त्यात अजून कुणाचाच पाय नाही.

मग ओठांत सात खिळे घेतले
आणि उजव्याचा तळ बसवला. कडा घासल्या.
दोन्ही बूट त्याच वर्तमानपत्रात बांधले.
वहीत त्याच्या नावापुढचा शनिवार खोडला,
वाराची जागा तशीच सोडली.